खरबरीत

उद्यमबागेत तिसऱ्या गल्लीच्या टोकाला आमचं शेड.
पाटी दोन लिप्यांत, दोन्हींचा रंग पोपडलेला.
भरमाण्णा म्हणायचा, पत्रा न घासताच रंगवलाय बघ.
पाटीबद्दल याहून जास्त
तो कधी बोलला नाही.

कारखाने बंद असायचे तेव्हा शाफ्ट यायचे
संकेश्वराकडून, चिकोडीहून, कधी लांब अथणीहून,
ट्रॉलीत पोत्यांवर निजवलेले,
बेअरिंगच्या जागी झिजून बारीक झालेले,
अंगाला अजून मळीचा वास.

आधी धुवायचे. मग ज्योतीनं शेकायचे,
कारण जुनं बीड तेल पिऊन बसलेलं असतंय,
वरनं कोरडं दिसतंय खरं
ऊब लागली की काळा घाम सुटतोय.
पुसायचं. शेकायचं. पुसायचं.
फडकं पांढरं निघालं तर भरमाण्णा मान हलवायचा,
नाहीतर 'इन्नोंद सल' म्हणायचा,
आणि तेच मराठीत सांगायचं विसरून जायचा.

तेलाच्या भोकांना रबरी बुचं,
चावीच्या खाचेत फणसाच्या लाकडाची पट्टी,
जिथं लेप नको तिथं जाड टेप.
होजची हवा आधी कोऱ्या कागदावर.
एक जरी थेंब उमटला
तरी कॉम्प्रेसर बंद, चहा, आणि वाट बघणं.

मग कच. नवी, धारदार, दात असलेली.
बोथट झालेली तो अंगणात पसरायचा,
पावसात पाय घसरू नये म्हणून.
टोपाच्या काचेआड मला फक्त एक आवाज,
तापल्या तव्यावर कुणी मूठमूठ मीठ टाकतंय तसा,
आणि चकाकी मरत जाताना दिसायची,
इंच इंच,
शाफ्ट राखेसारखा करडा होईपर्यंत.
दिवा तिरका धरून तो बघायचा.
कुठं लकाकलं की पुन्हा.

यापुढं हात लावायचा नाही.
उघडं लोखंड, चार तास.
झडीच्या दिवसांत दोनच.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांचा.
शाफ्ट ठोकळ्यावरनं किंचित गडगडला,
मी अंगठ्यानं अडवला.
एवढंच. कुणी बघितलं नाही.
गन पेटली, तार वितळली,
ठिणग्यांच्या फवाऱ्याखाली सगळं एकसारखं झालं.
लेथवर चढवला, घासला,
तोंड दिसेल असा लखलखीत धाडून दिला.

पौषात, गाळप ऐन भरात असताना, फोन आला.
भरमाण्णा लाल बसनं गेला, रात्री परतला.
दुसऱ्या दिवशी माझ्या डब्याच्या झाकणावर
तंबाखूची डबी उघडून ठेवली.
आत अंगठ्याएवढी खपली.
वरची बाजू झिजलेली. मी उलटी केली.
आतनं गुळगुळीत. कशालाही न धरलेली.

मालक हुंदरेंना तो म्हणाला, हवा दमट होती त्या दिवशी.
मला काहीच म्हणाला नाही.
आपले हातमोजे काढून दिले,
उजव्याच्या अंगठ्याला दोऱ्यानं टाके घातलेले.

आता भरमाण्णा नाही. डबी माझ्याकडं.
आयटीआयची सुलक्षणा चौगुले नवीन आलीय,
हात लावला तर काय होतंय, विचारते.
मी डबी पुढं करतो. ती खपली उलटी करते,
न सांगता.

पहिल्या आठवड्यात रेशनच्या रांगेत उभा राहतो.
हातमोजे होते तरी तीस वर्षांची कच
कुठून कुठून आत गेलीच.
मशीनवर अंगठा ठेवतो. लाल दिवा.
लुंगीला पुसून ठेवतो. लाल दिवा.
काउंटरवरची बाई वर न बघता म्हणते,
इन्नोंद सल.